बोटांवर शिकलेला नाच

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून नाचाबद्दल बोलायचं म्हणजे गंमतच. ना तुम्हाला पावलं दिसणार, ना मला ती दाखवता येणार. तेव्हा एक करा. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर उभी करा आणि चालवा. एक पाऊल, दुसरं पाऊल, छोटीशी गिरकी.

क्युबाची राजधानी हवाना. तिथे विशीतली एक मुलगी अंथरुणाला खिळून नेमकं हेच करत होती. १९४१ मध्ये तिच्या डोळ्यांचे पडदे सुटले होते. शस्त्रक्रिया झाल्या, डोळ्यांवर पट्ट्या आल्या. मान हलवायची नाही, जोरात हसायचंसुद्धा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. नवरा फर्नांदो रोज उशाशी बसायचा आणि ‘जिझेल’ या बॅलेची पावलं तिला बोटांनी शिकवायचा. ती चादरीवर बोटं नाचवत उजळणी करायची.

ही मुलगी म्हणजे आलिसिया आलोन्सो. २ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये ‘जिझेल’ची ठरलेली नायिका आजारी पडली, तिच्या जागी आलिसिया उभी राहिली आणि रातोरात नाव झालं. नजर मात्र कधीच पुरती परतली नाही. रंगमंचाच्या पुढच्या अंगाला प्रखर रंगीत दिवे लावून घ्यायचे, त्यांच्या उजेडावरून कडा कुठे आहे ते ओळखायचं, आणि जोडीदाराने ठरल्या जागेवरून तसूभरही हलायचं नाही. अशा बेताने ती सत्तरी ओलांडेपर्यंत नाचली.

तिच्या नावाच्या कंपनीचा पहिला खेळ हवानात २८ ऑक्टोबर १९४८ ला झाला. पुढे हीच ‘क्युबाचा राष्ट्रीय बॅले’ झाली. नायिका आलिसिया, नर्तक घडवणारा फर्नांदो आणि नाच बसवणारा दीर अल्बेर्तो. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांसारखाच घरचा कारभार म्हणा ना. त्या हंगामात अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचे खेळ थांबले होते, तिथले बरेच नर्तक या ताफ्यात आले. आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन मंडळी लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली.

हुकूमशहा बातिस्ताच्या सरकारने १९५६ मध्ये अनुदान बंद केलं. आलिसियाने निषेध म्हणून क्युबात नाचणंच सोडलं. १९५९ मध्ये क्रांती झाली. त्यानंतर एका रात्री फिदेल कॅस्ट्रो घरी आले, ही आठवण फर्नांदो पुढे सांगत. कंपनी पुन्हा उभी करायला किती लागतील? एक लाख डॉलर, फर्नांदो म्हणाले. मिळाले दोन लाख! १९६० मध्ये कायदाच झाला आणि कंपनीचा खर्च सरकारवर आला. बदल्यात नर्तकांनी थिएटरच्या बाहेर पडायचं होतं. कारखाने, लष्करी छावण्या, ऊसतोड कामगारांच्या वस्त्या, जिथे फळ्या टाकता येतील तिथे खेळ.

मुली मिळत होत्या, पण मुलगे कुठून आणायचे? बॅले हे पुरुषाचं काम नव्हे, ही समजूत तिथेही घट्ट. फर्नांदोंनी अनाथाश्रमातून मुलगे निवडले. त्यांच्यातला होर्हे एस्किवेल पुढे खुद्द आलिसियाचा जोडीदार झाला.

आता जरा तिच्या बुटाकडे बघू. पायाच्या बोटांवर उभं राहायच्या त्या सॅटिनच्या बुटात लाकूड असतं, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. नसतं. कापडाचे आणि कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून पुढचं टोक टणक केलेलं असतं. घामाने खळ मऊ पडते, टोक बसतं आणि बूट संपतो. मोठ्या भूमिकेत एका रात्रीत एक जोड संपू शकतो. फाटू नये म्हणून मुली फावल्या वेळात टोकं रफू करत बसतात. आणि हा सगळा संसार १९६२ पासून अमेरिकेच्या व्यापारबंदीखाली असलेल्या देशात! सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर तिथे अन्नाचीही टंचाई झाली. परदेश दौऱ्यांचं मानधन हा तेव्हा कंपनीचा मोठा आधार होता.

पण दौरा म्हणजे उघडं दारही. १९६६ मध्ये कंपनी पॅरिसला गेली. ‘जिझेल’ला तिथलं मोठं पारितोषिक मिळालं, आणि त्याच मुक्कामात दहा नर्तक मायदेशी परतले नाहीत. पुढेही हे घडत राहिलं. विमानात चढताना मोजलेली डोकी उतरताना भरत नसत. या सगळ्यांवर गद्दारीचा शिक्का मारणं मला पटत नाही. कोणाला पैसा हवा होता, कोणाला मोकळीक, आणि कोणाला निव्वळ नव्या भूमिका. कारण ही तक्रारही खरी होती: आलिसियाबाईंनी सूत्रं शेवटपर्यंत हातात ठेवली आणि जुन्या अभिजात खेळांपुढे नव्याला फारशी जागा दिली नाही. १७ ऑक्टोबर २०१९ ला, ९८व्या वर्षी, त्या गेल्या. वियेंगसाय वाल्देस या नर्तकीकडे संचालकपद आलं ते २०२० मध्ये.

कार्लोस अकोस्ताचं मात्र सांगायलाच हवं. हवानातल्या ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, नुसता उंडारायचा. रस्त्यावरून हटेल आणि फुकट जेवेल, म्हणून बापाने त्याला बॅलेच्या शाळेत घातलं. फुटबॉलपटू व्हायची स्वप्नं बघणारा हा पोरगा पुढे लंडनच्या रॉयल बॅलेत सतरा वर्षं नाचला. आणि २०१५ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, ती हवानात. तिच्यातले बरेच नर्तक फर्नांदोंनी पाया घातलेल्या बॅलेच्या शाळेतच तयार झालेले. तीही देशोदेशी खेळ करत हिंडते.

नमस्कार.