मिसेस बेनेटला हसण्याआधी एक मिनिट थांबा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय २००५च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'बद्दल. या सिनेमाचा विषय निघाला की गप्पा दोन ठरलेल्या जागी जातात. नायक डार्सी नायिका एलिझाबेथ बेनेटला हात देऊन बग्गीत चढवतो आणि निघून जाताना त्याच हाताची बोटं ताणतो, ती एक. पावसातली लग्नाची मागणी, ती दुसरी. जेन ऑस्टिनच्या १८१३च्या कादंबरीत या दोन्ही गोष्टी नाहीत. तिथे डार्सी पहिल्यांदा विचारतो ते घरात, चार भिंतींच्या आत. पुस्तकवाले यावर चिडतात, सिनेमावाले फिदा होतात. मला दोन्ही प्रसंग आवडतात, तेव्हा तो वाद राहू दे.

मला बोलायचंय एलिझाबेथच्या आईबद्दल. मिसेस बेनेट.

ही बाई पडद्यावर आली की लोक हसायला लागतात. आमच्या राजारामपुरीतल्या घरी सिनेमा लावला तेव्हा आम्हीही हसत होतो. कागलची आत्या तेवढी हसेना. कॉलिन्स जेवायला बसला तसं तिनं सिनेमा थांबवायला लावला. "ह्याचा काय संबंध ह्या घराशी?" म्हटलं, बेनेटना मुलगा नाही, त्यामुळे त्यांच्यामागे घर-जमीन सगळं या लांबच्या भावाला जाणार. आत्या म्हणाली, "म्हणजे भावकीत जाणार. मग दत्तक घ्यायचा की एखादा!"

कागलच्या बाईच्या तोंडी हा प्रश्न येणारच. आपले शाहू महाराज १८८४मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातूनच कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. पण इंग्लंडमध्ये कायद्यानं दत्तक घ्यायची सोयच नव्हती, तो कायदा १९२६चा. शिवाय लाँगबोर्नची, म्हणजे बेनेटांच्या गावची, मिळकत अशी बांधलेली, की बेनेटसाहेबांना ती मुलींच्या नावावरही करता येत नाही. वर्षाचं दोन हजार पौंडांचं उत्पन्न, त्यांनी डोळे मिटले की कॉलिन्सच्या खिशात. बायको आणि पाच मुलींनी मग जायचं कुठं? त्या मुलींची लग्नं जमावीत म्हणून ही बाई जिवाचं रान करते. सिनेमात ती एलिझाबेथला सुनावतेही, तुला पाच मुली झाल्या की सांग, डोक्यात दुसरं काय येतं ते. आत्या लगेच म्हणाली, "बरोबर बोलली."

आणि शार्लट! २७ वर्षांची, एलिझाबेथची मैत्रीण. पुस्तकात ती कॉलिन्सला लग्नाचा होकार देते आणि शांतपणे सांगते, मी काही रोमँटिक नाही, मला फक्त सुखाचं घर हवंय. सिनेमातली शार्लट म्हणते, माझ्याकडे पैसा नाही, आईवडिलांना मी ओझं झालेय, आणि मला भीती वाटते. ही भीतीची कबुली पुस्तकात नाही. तरीही हा बदल मला अख्ख्या सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण पुस्तकाच्या पोटात जे आहे तेच इथं ओठावर आलंय. वहिनीनं तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि दुसऱ्यांदा बघताना ती फोन उलटा ठेवून बसली होती.

सिनेमा ब्रिटनमध्ये लागला १६ सप्टेंबर २००५ला. त्याच्या आठवडाभर आधी, ९ सप्टेंबरला, आपल्या हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि देशभरात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. तरीही बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि साडीचोळी करून तिला वाटेला लावायचं, हे आजही आपल्या आजूबाजूला चालतंच. हे रोज बघणाऱ्या माणसांची मिसेस बेनेटला मूर्ख म्हणायला जीभ कशी रेटते?

बघणाऱ्यांचा सगळा जीव असतो बापावर. डोनाल्ड सदरलंडनं तो केलाय इतका गोड, की शेवटी त्याचे डोळे भरले की आपलेही भरतात. अमेरिकेतल्या प्रतीत पुढे चुंबनाचा एक प्रसंग जोडलाय. ब्रिटनमध्ये सिनेमा बापाच्या हसण्यावरच संपला. पण पुस्तकाचं ५०वं प्रकरण उघडा. ऑस्टिन तिथं स्पष्ट लिहिते, की या माणसानं मुलींसाठी पैसाच साठवला नाही. का, तर आपल्याला मुलगा होणारच, असं धरून चालला होता! काटकसर सुचली तोवर फार उशीर झाला होता. सिनेमानं ही गोष्ट गाळली आणि बाप हिरो झाला, आई विनोदी झाली. माझी तक्रार आहे ती इथं.