जास्त मात्रा, कमी परिणाम

नमस्कार श्रोतेहो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतली मंडळी आणि पणजीत फार्मसी शिकणारी मुलं ऐकत असतील, तर आजचा विषय खास त्यांच्यासाठी: रोगाला कारण ठरणारं प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवून घेणारी औषधं, म्हणजे प्रोटॅक.

नेहमीचं औषध प्रथिनाला चिकटून त्याचं काम अडवतं. औषध सुटलं की प्रथिन पुन्हा कामाला लागतं. प्रोटॅकचं एक टोक त्या प्रथिनाला धरतं, दुसरं ई-३ लायगेज या एन्झाइमला, आणि मध्ये असतो या दोन टोकांना जोडणारा लिंकर. तिघांची जुळणी झाली की लायगेज प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढवतं, प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतो आणि प्रोटॅक पुढचं प्रथिन धरायला मोकळा होतो. ही कल्पना 2001 साली मांडली गेली. माणसात सहाशेच्या आसपास ई-३ आहेत, पण वापर मुख्यतः सेरेब्लॉन आणि व्हीएचएल या दोनांचाच होतो.

घोळ होतो तो मात्रेत. प्रोटॅक फार झाला की काही रेणू नुसत्या प्रथिनाला चिकटतात, काही नुसत्या लायगेजला. तिघं एकत्र येतच नाहीत आणि प्रथिन शाबूत राहतं. याला हुक इफेक्ट म्हणतात. म्हणून फक्त 10 मायक्रोमोलर एवढ्या मोठ्या मात्रेवर चाचणी करून रेणू बाद करू नका. 1 नॅनोमोलरपासून 10 मायक्रोमोलरपर्यंत पायऱ्या घ्या, 4 आणि 24 तासांनी वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे प्रथिन किती उरलं ते पट्टीच्या गडदपणावरून दाखवणारी चाचणी.

पट्टी फिकी झाली एवढ्यावर भुलूही नका. पेशी मरत असल्या तरी पट्टी फिकी होते. प्रोटिएसोमचं काम थांबवणारा रोधक आधी दिल्यावर प्रथिन वाचतं का, ते पाहा; वाचलं तर ते प्रोटिएसोमच मोडत होता. पण रोधक स्वतः विषारी आहे, तेव्हा ही चाचणी काही तासांतच उरका. सेरेब्लॉनचा प्रोटॅक असेल तर सेरेब्लॉनला धरणाऱ्या ग्लुटारिमाइड वलयाच्या नायट्रोजनवर मिथाइल गट बसवलेला, म्हणून सेरेब्लॉनला न चिकटणारा निष्क्रिय जोडीदार शेजारी चालवाच. माझ्या मते त्याच्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नये.

आणखी एक, आपल्या पावसाळ्यासाठी. ग्लुटारिमाइडचं वलय पाण्यात, 7.4 सामूला हळूहळू उघडतं आणि ज्या द्रावकात मूळ द्रावण करतात ते डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं. मूळ द्रावण छोट्या कुप्यांत वाटून उणे 20 अंशांवर ठेवा. कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, आणि पाण्यातलं पातळ द्रावण त्या त्या दिवशी ताजं करा.