आता गवत बघा!

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मुंबईकरांना शरद ऋतू भेटतो तो शाळेच्या पुस्तकात. एरवी आपल्या ओळखीची असते ती ऑक्टोबर हीट. पाऊस पाठ फिरवतो, वारा पडतो, आभाळ लख्ख होतं आणि जमिनीतली ओल मात्र हवेत तशीच राहते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडूचा भाव करता करता घामाच्या धारा लागतात, तेव्हा हाच का तो शरद, असं मनात येतंच.

पण घाट चढलात की तो भेटतो. फक्त त्याची वेळ गाठावी लागते, आणि तिथेच आम्ही एकदा सपशेल फसलो. काही वर्षांपूर्वी सगळ्या घराला घेऊन मी कासला निघाले. कधी? दिवाळीच्या सुट्टीत! साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरचा घाटरस्ता, मागच्या सीटवर दोन मुलांना गाडी लागलेली, आणि वर पोचतो तर काय, सगळं पठार वाळून पिवळं. टपरीवरच्या मावशींनी चहाचे कप पुढे केले आणि म्हणाल्या, "फुलं कधीच गेली की ओ. आता गवत बघा." माझ्या नणंदेने ते वाक्य आजतागायत सोडलेलं नाही. मी कुठलाही बेत काढला की तिचं ठरलेलं, "वहिनी, आता गवत बघा!"

तेव्हापासून मी एक शिकले. या दिवसांतली सहल रजा बघून ठरवायची नाही. जिथे जायचं तिथलं घड्याळ कशावर चालतं ते आधी विचारायचं. पावसावर, चंद्रावर की सूर्यावर?

कास चालतं पावसावर. तिथे खाली जांभा दगड आणि वर मातीचा पातळ थर, म्हणून झाडं धरत नाहीत. पावसाचं पाणी त्या थरात असेल तेवढ्याच दिवसांत इवल्याशा रोपांना उगवायचं, फुलायचं आणि बी टाकून मोकळं व्हायचं असतं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हा सगळा खटाटोप चालतो. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, निळी सीतेची आसवं, दर आठ-पंधरा दिवसांनी रंग पालटत जातात. पुढे योग्य वेळी गेले तेव्हा मी चक्क गुडघ्यांवर बसून दवबिंदू पाहिली. नखाएवढं रोप, पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट. ते रोप किडे खातं! सीतेची आसवंही त्याच पंथाची, फक्त त्यांचा सापळा मुळाशी, ओल्या मातीत. एवढं करुण नाव मिळवून ती खाली काय उद्योग करतात बघा. सह्याद्रीच्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. रोज ठरावीक लोकांनाच आत सोडतात, तेव्हा आधी नोंदणी करा आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा. रविवारी फुलांपेक्षा सेल्फी काढणारेच जास्त दिसतात.

एवढ्या लांब जायचं नसेल तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. ती चुकली असेल तर आता २०३२ ची वाट बघा.

चंद्राच्या घड्याळाची गंमत वेगळी. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ला, २०२५ मध्ये २ ला. असा तो दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी मारतो. म्हणून एका वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत फुलं सापडली, तरी पुढच्या वर्षी सापडतीलच असं नाही.

दसऱ्याला जेजुरी गाठा. संध्याकाळी खंडोबाची पालखी गड उतरते, उत्तररात्री कडेपठारच्या पालखीशी तिची डोंगरात भेट होते, आणि दुसऱ्या दिवशी गडावर खंडा उचलायची चढाओढ लागते. हा खंडा म्हणजे बेचाळीस किलोची तलवार. कोणी ती एका हातावर तोलून धरतो, कोणी दातांत. पांढरे कपडे मात्र घालून जाऊ नका. भंडारा धुऊन निघत नाही, हे मी स्वतःच्या ओढणीवरून सांगते.

आता सूर्य. कोल्हापूरची अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत ती गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा हा किरणोत्सव. इथे तिथीचा संबंध नाही, म्हणून तारखा हलत नाहीत. आणि हाच सोहळा पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला होतो. का? सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातो २२ डिसेंबरच्या सुमारास. त्याच्या सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो. ज्याने हे देऊळ बांधलं त्याला हा हिशेब पक्का ठाऊक असणार, असं मला वाटतं. क्षितिजावर ढग आला किंवा हवेत धूळ असली, की किरणं मध्येच विझतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभे होतो, तर प्रकाश चांदीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि गेला. सगळी गर्दी एकदम "अरेरे" म्हणाली, आणि लगेच कोणीतरी "उद्या या" म्हणालं.

आमची त्या रात्रीचीच परतीची गाडी होती.

यंदा तिन्ही दिवसांची रजा टाकली आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत, पाचांपैकी तीन पक्की, दोन वेटिंगवर. नणंदही येते म्हणाली. डब्यात चढल्यावर ती काय म्हणणार, ते तुम्हाला आता ठाऊक आहेच. नमस्कार.