चौकोनी नसलेल्या खिडक्यांचे पडदे

श्रोतेहो,

चौकोनी खिडकीच्या पडद्यात निवड करायची असते ती मुख्यतः रंगाची आणि पोताची, कारण त्याची रचना आडव्या दांडीने आणि कड्यांनी आधीच ठरवून ठेवलेली असते. कमानदार, त्रिकोणी, गोल किंवा उतरत्या माथ्याची खिडकी समोर आली की हा आधार सुटतो. टांगलेले कापड ओळंब्यात खाली येणार, आणि कड्या सुखाने सरकणार त्या आडव्या दांडीवरूनच. या दोन गोष्टी खिडकीच्या आकारासाठी बदलत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की, जो भाग रोज उघडायचा-मिटायचा आहे त्याचा माथा आडवाच ठेवावा, आणि ज्या भागाला वळण किंवा उतार आहे तो एकतर मोकळा सोडावा, नाहीतर कायमचा झाकावा.

कमानीपासून सुरुवात करू. खिडकीच्या वरच्या भागातून येणारा प्रकाश खोलीत सर्वांत आतपर्यंत पोहोचतो, त्यामुळे कमानीचा भाग झाकला की क्षेत्रफळाच्या मानाने उजेड जास्त जातो. बाहेरून कोणी डोकावण्याची भीती असते ती बहुधा खालच्या भागातून. तेव्हा कमान जिथून वळायला लागते तिथे दांडी लावून खालच्या चौकोनालाच पडदा करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. मात्र त्या रेषेवर चौकटीची आडवी पट्टी नसेल, तर दांडी खिडकी मधोमध कापल्यासारखी दिसते. अशा वेळी दांडी सगळ्या कमानीच्या वर, भिंतीवर घ्यावी आणि दोन्ही बाजूंना इतकी वाढवावी की दिवसा पडदा पूर्णपणे भिंतीवर जाऊन कमान मोकळी राहील. रात्री दिसेल तो साधा चौकोनी पडदा, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

कमान झाकायचीच असेल, तर सूर्यकिरणांसारख्या चुण्यांची रचना करतात. कापड वळणावर पसरते आणि तळाच्या मध्यबिंदूपाशी गोळा होते. 120 सेंटिमीटर रुंदीच्या अर्धवर्तुळाचे वळण सुमारे 188 सेंटिमीटर भरते, म्हणजे दुप्पट चुणीसाठी जवळजवळ पावणेचार मीटर रुंदीचे कापड एका बिंदूवर येणार. तिथे जाड कापडाचा गोळाच होईल. ही रचना फक्त झिरझिरीत कापडाची. कमान चपटी असेल आणि वळणाची पट्टी बनवून घ्यायची असेल, तर रुंदीच्या वर्गाला कमानीच्या उंचीच्या आठपटीने भागावे आणि त्यात त्या उंचीची निम्मी मिळवावी, की त्रिज्या मिळते: 120 रुंद आणि 30 उंच कमानीची त्रिज्या 75 सेंटिमीटर.

अर्थात, जुन्या बांधकामात कमानीची डावी आणि उजवी बाजू सारखी असेलच असे नाही, त्यामुळे सूत्रापेक्षा माझा विश्वास कागदी साच्यावर जास्त आहे. जाड कागद खिडकीला लावून कड उमटवून घ्यावी आणि त्यावर ‘खोलीकडील बाजू’ असे लिहून ठेवावे. साचा उलटा पडला की असमान कमानीचे कापड वाया गेलेच म्हणून समजा.

साचा हाती आला तरी तो तसाच कापडावर ठेवून कापता येत नाही. समजा, खिडकी 100 सेंटिमीटर रुंद आहे, तिची एक बाजू 200 आणि दुसरी 240 सेंटिमीटर उंच आहे. माथ्याचा उतार साधारण 22 अंशांचा झाला. दुप्पट चुणीसाठी कापड 200 सेंटिमीटर रुंद घ्यावे लागते, आणि तोच 40 सेंटिमीटरचा फरक आता दुप्पट रुंदीवर पसरायचा असल्यामुळे कापडावरचा उतार सुमारे 11 अंशांचाच हवा. लांब बाजू 240 धरून 22 अंशांनीच कापत गेलात, तर आखूड बाजू 160 वर येईल. कमानीलाही हाच हिशेब लागू आहे: साच्यावर दर 10 सेंटिमीटरवर उंची मोजावी आणि त्या उंच्या कापडावर दर 20 सेंटिमीटरवर मांडाव्यात. अर्धवर्तुळाचे तिथे पसरट लंबवर्तुळ होते. चुण्या घातल्या की पुन्हा कमान दिसू लागते. ही तिरपी कापलेली कड उरेब असल्यामुळे ताणते, म्हणून चुण्या घालण्यापूर्वीच तिला न ताणणारी पट्टी शिवून घ्यावी.

असा आकाराचा पडदा वरून सरकत नाही. तो मधल्या उंचीवर बाजूला बांधतात किंवा मागच्या बाजूला तिरप्या रेषेत रिंगा शिवून दोरीने ओढून घेतात. दोरीचा लोंबता फास लहान मुलांच्या गळ्याशी जिवावर बेतू शकतो. दोरी अडकवण्याची खुंटी जमिनीपासून किमान 150 सेंटिमीटर उंच असावी. उतरत्या दांडीवर पडदा सरकवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो आपल्या वजनाने सखल टोकाकडे घसरतो आणि त्याची लांब बाजू जमिनीवर लोळते.

गोल खिडकी लहान असेल तर तिला काही करू नये, फार तर अर्धपारदर्शक फिल्म लावावी. छतातल्या तिरप्या खिडकीला लोंबता पडदा चालतच नाही. दोन्ही कडांना खाचा असलेले, ताणून धरलेले ब्लाइंड लागते, आणि ऊन अडवायचे असेल तर ते काचेच्या बाहेर बसवलेले बरे, कारण आतल्या पडद्यापर्यंत आलेली उष्णता खोलीत शिरलेलीच असते.

भिंतीबाहेर आलेल्या, तीन पाख्यांच्या म्हणजे तीन बाजूंच्या खिडकीचा प्रश्न वेगळा. तिचा माथा आडवाच असतो, वळते ती जमिनीवरची रेषा. म्हणून वळवलेल्या ट्रॅकवर एकसंध पडदा खुशाल सरकतो. चूक होते ती मापात. 135 अंशांचे कोपरे असतील आणि ट्रॅक काचेपासून 10 सेंटिमीटर आत बसणार असेल, तर मधले पाखे काचेपाशी घेतलेल्या मापापेक्षा सुमारे 8 सेंटिमीटरने आखूड होते आणि बाजूची प्रत्येकी सुमारे 4 सेंटिमीटरने. माप ट्रॅकच्याच रेषेवर, छतापाशी घ्यावे. प्रत्येक पाख्याला वेगळे ब्लाइंड लावायचे असेल, तर कोपऱ्यात त्यांच्या दांड्या एकमेकींवर आदळू नयेत एवढी रुंदी वजा करूनच ऑर्डर द्यावी.