गवताची चोरी
विदर्भाच्या जंगल सत्याग्रहावरील लघु माहितीपटाचे निवेदन

(दृश्य : पुसदच्या परिसरातलं पावसाळी रान. चरायला निघालेली गुरं.)

मिरगाचा पाऊस होऊन गेला की या रानात गवत वर येतं. 1930 सालच्या 10 जुलैलाही ते असंच आलं असेल. त्या दिवशी लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरले आणि परवाना न घेता त्यांनी गवत कापलं. वणीत जन्मलेला, यवतमाळला वकिली केलेला, टिळकांच्या विचारांत घडलेला, पन्नाशीला टेकलेला हा माणूस. कायदा कुठं मोडतोय, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांना अटक झाली, तुरुंगात जावं लागलं.

इंग्रजी साम्राज्याला आव्हान द्यायचं, आणि तेही मूठभर गवत कापून? हे समजून घ्यायचं तर तीन महिने मागं जावं लागेल.

6 एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि देशभर मिठाचा कायदा मोडायची लाट आली. पण वऱ्हाडाला समुद्र कुठला? तरीही वऱ्हाड मागं राहिलं नाही. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा इथं सगळ्यांना माहीत आहे. विहीर खोदावी तर पाणी खारट, पिकाला चालत नाही, माणसाला पिववत नाही. पूर्वी या भागात अशाच पाण्यापासून मीठ काढलं जाई. एप्रिल 1930 मध्ये अकोल्याजवळच्या दहीहांड्याला सत्याग्रही जमले आणि त्यांनी खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून मीठ केलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याच्या नावानं बोटं मोडली, तेच पाणी त्या दिवशी कामी आलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पण खारपाणपट्टा म्हणजे सगळा विदर्भ नव्हे. यवतमाळ, वर्धा, चांदा इथल्या शेतकऱ्याला सरकार रोज भेटायचं ते मिठात नाही, जंगलाच्या हद्दीवर.

(दृश्य : जंगलाच्या हद्दीवरचा दगड. रिकामा कोंडवाडा.)

1927 च्या जंगल कायद्यानं सरकारची पकड आणखी पक्की केली होती. राखीव जंगलात गुरं चारायची तर पैसे भरा. गवत कापायचं, सरपण आणायचं, नांगराला लाकूड तोडायचं, तर परवानगी काढा. चुकून बैल हद्दीपलीकडे गेला की त्याची रवानगी कोंडवाड्यात, आणि सोडवायला दंड. ज्या रानात आजानं गुरं चारली, तिथं नातू चोर ठरायचा. त्यात 1930 हे मंदीचं वर्ष. कापसाचे भाव कोसळलेले, सारा मात्र रोखीतच भरायचा. बैल उपाशी राहिला तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर घरात दाणा नाही. बैलाच्या तोंडचं गवत म्हणजे घरच्या माणसांच्या तोंडचा घासच होता.

म्हणून अण्यांची निवड अचूक होती, असं मी ठामपणे म्हणेन. या लढ्यासाठी भाषण ऐकायला शहरात जावं लागत नव्हतं, खादी विकत घ्यावी लागत नव्हती. प्रत्येक घरात विळा होता, आणि तो चालवणारे हात बहुतेक वेळा बायांचे होते.

पुसदनंतर सत्याग्रह गावोगाव पसरला. 21 जुलैला यवतमाळजवळ डॉ. केशव बळीराम हेडगेवार आपल्या तुकडीसह जंगलात उतरले. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली, अकोल्याच्या तुरुंगात ती त्यांनी भोगली. वर्धा जिल्ह्यातही विळे निघाले. पकडलेल्यांवर कलमं कोणती लावली, ते मुद्दाम पाहा. भारतीय दंड संहितेचं 379 त्यात होतं. म्हणजे साधी चोरी. आपल्याच रानातल्या गवताची चोरी.

सगळीकडे प्रकरण अटकेवर थांबलं नाही. त्या वेळी विदर्भ ज्या मध्य प्रांतात होता, त्याच प्रांतातल्या सिवनी जिल्ह्यात तुरिया नावाचं गाव आहे. 9 ऑक्टोबर 1930 ला तिथल्या जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन स्त्रिया आणि एक पुरुष जागीच गेले. गवत कापायला आलेली माणसं होती ती.

मार्च 1931 मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रही सुटले. मिठाच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या गावांना थोडी सवलत मिळाली. जंगलाच्या बाबतीत काहीच मिळालं नाही. पुसदचा शेतकरी तुरुंगातून परत आला, तेव्हा हद्दीचा दगड होता तिथंच होता.

(दृश्य : गडचिरोली. बांबूचं बन.)

आणि 1947 नंतरही तो तिथंच राहिला. झेंडा बदलला, 1927 चा कायदा तसाच चालू राहिला. 2006 साली संसदेनं वनहक्क कायदा केला, तेव्हा जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलं. हे मान्य व्हायला स्वातंत्र्यानंतर 59 वर्षं लागली, याचं मला दुःख आहे आणि रागही आहे.

विदर्भातल्याच एका गोंड गावानं हा कायदा कागदावर राहू दिला नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार,’ ही या गावाची घोषणा. 2009 मध्ये गावाला 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. हक्क गावाचा, पास सरकारचा. गाव अडून बसलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं.

तेव्हापासून मेंढ्यातला बांबू बाहेर जातो, तो ग्रामसभेनं दिलेल्या पासवर.