लार्चचा परागकण

[दृश्य: गोठलेलं तळं. भोवती उघडे डोंगर. नजर जाईल तिथवर एकही झाड नाही.]

रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्कामध्ये, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर हे एल्गिगितगिन तळं आहे. ३६ लाख वर्षांपूर्वी इथे उल्का कोसळली. १८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, त्यात पाणी साठलं आणि तेव्हापासून तळाशी गाळ बसतोय. आर्क्टिकमध्ये बऱ्याच ठिकाणचा जुना गाळ हिमनद्यांनी खरवडून नेला. इथवर त्या पोचल्याच नाहीत.

२००९ मध्ये तळ्यावरचा बर्फ मुद्दाम आणखी जाड करून त्यावर ड्रिलिंगचं यंत्र उभं केलं. खाली १७० मीटर पाणी, त्याखाली ३१८ मीटर गाळ.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी.]

त्याच गाळातून मिळालेला हा पाइनचा परागकण. मधे दाणा आणि दोन्ही अंगांना फुगलेल्या दोन पिशव्या. या पिशव्यांमुळे तो वाऱ्यावर फार दूर जातो. म्हणून पाइनचे दोनचार कण मिळाले, तरी झाड जवळच होतं असं म्हणता येत नाही.

आता हा बघा, लार्चचा, म्हणजे हिवाळ्यात सुया गाळणाऱ्या एका सूचिपर्णी झाडाचा. साधा, गोल, बिनपिशव्यांचा. हा सहसा आपल्या झाडाच्या आसपासच पडतो, आणि गाळात टिकतोही कमी. त्यामुळे लार्चचे मोजकेच कण दिसले तरी समजायचं, झाड जवळपास उभं होतं. गाळातल्या सगळ्या साक्षीदारांत मला हाच जास्त भरवशाचा वाटतो.

सगळ्यात खालच्या थरांत तो आहे. सोबत पाइन, स्प्रूस, फर, अगदी हेमलॉकसुद्धा, सगळी सूचिपर्णी झाडं. म्हणजे आज जिथे टुंड्रा आहे, तिथे तेव्हा जंगल होतं! उन्हाळे आजच्यापेक्षा साधारण ८ अंश सेल्सियसने उबदार होते.

याच गाळात डायटमही आहेत, म्हणजे काचेसारखं कवच असलेली एकपेशीय शेवाळं. त्यांना ऊन लागतं. ज्या काळात तळं उन्हाळ्यात लवकर मोकळं व्हायचं, त्या थरांत त्यांची कवचं खच्चून भरलेली असतात. बर्फ वर्षभर हटलाच नाही, त्या काळातला गाळ वेगळा दिसतो: काळपट, बारीक पापुद्र्यांचा. तळाशी प्राणवायू पोचत नव्हता, त्यामुळे ते पापुद्रे विस्कटायला तिथे कुणी जीवच उरले नव्हते.

जंगलाच्या त्या काळात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ४०० च्या आसपास होता, असा अंदाज आहे. आज तो ४२० च्या वर गेलाय.

[दृश्य: पुन्हा तळं. बर्फ फुटतोय.]

काठावर अजून लार्च नाही. वाऱ्याने लांबून आणलेले पाइनचे कण तेवढे पाण्यावर पडतात आणि सावकाश खाली जातात.