स्टेटस उर्फ एसटी

(इंदूरमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझे आजोबा राजवाड्यामागच्या घरातून पुण्याला मोठ्या भावाला पोस्टकार्डं लिहायचे. सुरुवात ठरलेली: 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.' कार्डावर जागा कमी, आणि 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे वाचणाऱ्याला पाठच. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर; त्याच्या हुकुमांना आपण ठेवलेली आखूड नावं, म्हणजे एलियस, ती हीच. कोर्टकचेरीच्या भाषेत, उर्फ.

लिनस तोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. त्याआधी बरेच जण त्याच कामाचं सबव्हर्जन वापरत. तिथे स्टेटसला (काय बदललंय ते दाखवणारा हुकूम) एसटी, कमिटला (बदल नोंदवणारा हुकूम) सीआय अशी आखूड नावं आधीपासूनच होती. ती मंडळी गिटवर आली, सवयीने 'गिट एसटी' टाइप केलं, आणि उत्तर आलं की असा हुकूमच नाही. म्हणून पहिला उर्फ बहुतेक जण हाच करतात. (महाराष्ट्रातल्या पाहुण्यांनी लाल बस मनात आणू नये.)

टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, लिहायचं: गिट कॉन्फिग --ग्लोबल एलियस.एसटी स्टेटस. झालं. तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट-गिटकॉन्फिग नावाची लपलेली फाइल असते, तिच्यात चौकटी कंसातल्या 'एलियस' या मथळ्याखाली एक ओळ वाढते. हाताने लिहिली तरी चालते. ग्लोबल गाळलंत तर ओळ त्या एका रेपॉझिटरीपुरती (एका प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास यांच्यापुरती) राहते, आणि क्लोन करणाऱ्याकडे, म्हणजे तिची प्रत घेणाऱ्याकडे, जात नाही. आपला उर्फ आपल्यापाशी.

मी एक मराठी नावही ठेवलंय, रोमन अक्षरांत: 'माघार'. त्याच्यामागे आहे रीसेट हेड आणि दोन आडव्या रेघा. 'गिट माघार' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की ते नाव हुकुमाच्या शेवटी जाऊन चिकटतं आणि फाइल स्टेजवरून, म्हणजे पुढच्या कमिटच्या यादीतून, उतरते. तिच्यातले बदल तसेच राहतात. मूळ हुकुमाचंच नाव मात्र घेता येत नाही. 'कमिट' नावाचा उर्फ केलात तर गिट भांडत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं, आणि तुम्ही अर्धा तास डोकं खाजवत बसता.

आता उद्गारचिन्ह. उर्फाची सुरुवात त्याने केली की पुढचं सगळं शेल, म्हणजे टर्मिनलमधले हुकूम चालवणारा प्रोग्राम, चालवतं. म्हणजे तीन हुकूम एका नावात ओवता येतात. मी ओवले: ॲड डॉट (फाइली स्टेजवर चढवणं), कमिट, पुश (कमिट टीमच्या रेपॉझिटरीत पाठवणं). नाव ठेवलं 'सगळं'. ॲड डॉट म्हणजे मी उभा आहे तो फोल्डर आणि त्याच्या आतलं, असा माझा हिशोब. एका संध्याकाळी आतल्या एका फोल्डरात उभं राहून 'गिट सगळं' मारलं आणि सराफ्यात खायला निघून गेलो. उद्गारचिन्हवाला उर्फ रेपॉझिटरीच्या मुळापासून चालतो, हे मला ठाऊक नव्हतं. मुळाशी माझी एक खासगी फाइल पडली होती, डेटाबेसच्या पासवर्डसकट. ती सगळ्या टीमच्या रेपॉझिटरीत जाऊन बसली. नाव अगदी सार्थ निघालं.

दुसऱ्या दिवशी फाइल काढून टाकली, पण जुन्या कमिटात ती असतेच. शेवटी पासवर्डच बदलला. बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून बघण्याचे हुकूम मी बिनधास्त आखूड करतो. स्टेटस, लॉग, डिफ दिवसातून पन्नास वेळा लागतात. पुशसारखं, जे दुसऱ्याच्या दारात जातं, ते मात्र पूर्ण टाइप करतो. तेवढ्या वेळात माणूस एकदा स्क्रीनकडे बघतो.

एका ताईंनी मघाशी विचारलं, इतके उर्फ लक्षात कसे राहतात? राहत नाहीत. गिट हेल्प आणि पुढे उर्फ लिहायचा, तो कशाचा आहे ते गिट सांगतं. काल मला 'एलजी'चं विचारावं लागलं. मीच केलेला होता.